पायाचं माप

९ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यातल्या निशिगंधा सिस्टरनी आज वही ठेवायला सांगितली. दुपारी जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं, घड्याळ बघायचं आणि बाळाच्या दहा हालचाली व्हायला किती वेळ लागला ते लिहायचं. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर तडक दवाखाना गाठायचा. मी विचारलं, "आणि बाकीच्या बावीस तासांत काय लिहू?" तर म्हणाल्या, "ते तुमचं तुम्ही बघा." बघतेय.

विश्वजितला पतसंस्थेनं दिलेली मागच्या वर्षीची डायरी कोरी पडली होती. छापील तारखा खोडून माझ्या घालतेय. पहिल्या पानावर रकाने आहेत, ते भरले. नाव अनुजा. वय एकोणतीस. पत्ता राधानगरी रोड, कोल्हापूर, दुसरा मजला. 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे' असा एक रकाना आहे. विश्वजितचं नाव लिहायला गेले आणि थांबले. तो बिद्रीला साखर कारखान्यात केमिस्ट. हंगाम सुरू झाला की तिथंच खोलीवर राहतो, रविवारी येतो, मळीचा वास घेऊन. मशिनच्या घरघरीत त्याला फोन ऐकू येत नाही. रकाना तसाच ठेवला.

तिसावा आठवडा. दहा हालचाली: २५ मिनिटं.

१२ डिसेंबर, गुरुवार

खालच्या कालिंदीकाकू आज परत वर आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. "अनुजा, दुपारची वेळ आहे. तुझं स्टूल माझ्या डोक्यावरून चालतं." मी म्हटलं, "काकू, स्टुलाला पाय आहेत, चालणारच की!" त्या हसल्या नाहीत. बाईचे कान आहेत का काय! वाटी पडली तरी दारात हजर. मागच्या महिन्यात मी मुद्दाम एक ताटली टाकून घड्याळ लावलं होतं. एक मिनिट पन्नास सेकंदांत बेल वाजली.

खोटं कशाला लिहू, त्या खाली गेल्यावर घर जास्तच गप्प वाटलं. दिवसभरात तेवढंच एक माणूस माझ्याशी बोललं होतं. आठव्या महिन्यात बसून बसून कंबर भरते म्हणून बिंदू चौकाजवळचं टायपिंगचं काम सोडलं, तेव्हा लोळून आराम करीन म्हटलं होतं. आता लोळायचाही कंटाळा आलाय.

दहा: ३० मिनिटं.

१५ डिसेंबर, रविवार

विश्वजित आला, जेवला, झोपला, उठला, गेला. जाताना म्हणाला, "माझ्या आईला बोलावून घे की. एक फोन कर. तुझं काय जातंय?"

"माझं नाक जातंय."

तो हसला. त्याला वाटतं बायकांची चेष्टा आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. हुपरीच्या घरात आण्णा, माझे वडील, एकटे, आणि घर म्हणजे निम्मा चांदीचा कारखाना. भट्टी आणि तेजाबाच्या वासात बाळंतीण कुठं ठेवणार? हे सगळं सगळ्यांना ठाऊक असताना सासरी, नेसरीला, माझ्या ओटभरणात, वीस बायकांच्या पुढ्यात, आत्ती काय म्हणाल्या? (त्या बाजूला सासूला आत्ती म्हणतात.) "हिला माहेर न्हाय, आता बाळंतपण आमच्याच गळ्यात."

मी ओटीतला नारळ धरून बसले होते. म्हटलं, "तुमच्या गळ्यात कोण पडतंय? माझं मी बघीन."

तेव्हापासून त्यांचा फोन नाही, माझाही नाही. त्यांना म्हशी आहेत, मला मान आहे. बसू दे दोघींना आपापल्या जागी.

दहा: ३० मिनिटं.

१९ डिसेंबर, गुरुवार

आण्णा एसटीनं आले. धोतराच्या सोग्यात बांधून माझ्यासाठी पैंजणं आणली होती. ओटभरणालाच द्यायची होती पण लग्नसराईच्या ऑर्डरी आल्या आणि राहिली. काय सुरेख काम आहे! बारीक कड्या, कडीआड एक घुंगरू, टोकाला अडकवायचा फासा. बाळासाठी आधी काही घडवायचं नसतं, म्हणून त्यांनी सगळी हौस माझ्या पायावर भागवली.

मी पाय पुढं केला. फासा जुळेना. आण्णांनी एकदा ओढलं, दोनदा ओढलं. मग हात थांबले. आण्णा बाईचं चालणं बघून घोट्याचं माप सांगतात, हुपरीत त्यांची त्याबद्दल ख्याती आहे. त्यांचा चेहरा पार उतरला.

"दोन कड्या कमी पडल्या," म्हणाले. खिशातला दोरा काढून माझ्या घोट्याभोवती फिरवला, गाठ मारली आणि चहासुद्धा न घेता गेले.

खिडकीतून पाठमोरे बघितले आणि मला भडभडून आलं. आण्णा म्हातारे झाले. नजर गेली त्यांची.

दहा: ४० मिनिटं.

२४ डिसेंबर, मंगळवार

बसली! दोन कड्या वाढवून आणली. मी घरभर छमछम करत फिरले. आण्णांनी दोऱ्यात आणखी एक गाठ मारली. मग खुर्चीत बसून बघत होते, पण पैंजणांकडं नाही, पावलांकडं. "चालताना टाच का टाकतीस अशी?" म्हणाले. म्हटलं, "पोटात तुमचं नातवंड हाय आण्णा, नाचू काय?"

काकू जिन्यात भेटल्या. म्हटलं आता लागणार शाळा. पण नुसतं म्हणाल्या, "हा आवाज नवीन आहे." आणि गेल्या. बाईचं काही कळत नाही.

दहा: ४० मिनिटं.

२८ डिसेंबर, शनिवार

सकाळपासून डोकं ठणकतंय. डोळ्यांपुढं मधूनच काजवे चमकतात. मोबाइल जास्त बघते, दुसरं काय. आरशात गाल मात्र छान भरलेत. बाळाच्या आधी मीच बाळसं धरलं.

दवाखान्याची तारीख सहा जानेवारी. तोवर थांबायला हरकत नाही.

दहा: ५५ मिनिटं. बापावर गेलंय, झोपतंय.

३१ डिसेंबर, मंगळवार

पैंजण साबण लावून काढावं लागलं. घोट्याभोवती कड्यांचे वळ उठलेत. आण्णांना फोन लावला आणि चिडून बोलले, "आण्णा, परत आवळतायत. चष्मा बदला आता."

त्यांनी विचारलं, "कधीपासनं?"

"तीन-चार दिवस झाले."

"उद्या येतो," म्हणाले आणि फोन ठेवला. बोलल्यापासून मनाला लागून राहिलंय. चष्म्याचं नव्हतं बोलायचं.

दहा: १ तास १० मिनिटं.

१ जानेवारी, बुधवार

आण्णांनी आल्या आल्या दोरा काढला. त्यावर तीन गाठी होत्या. एक दिवाळीतली, मी हुपरीला गेले होते तेव्हाची. एक एकोणीस तारखेची. एक चोवीसची. आज चौथी मारली आणि दोरा माझ्या मांडीवर सरळ करून ठेवला. तिसरी आणि चौथी यांच्यात बोटभर अंतर.

"माप चुकत न्हाय माझं, आनू," म्हणाले. "पायच वाढलाय."

मग नडगीवर अंगठा दाबून धरला. काढला तर खड्डा तसाच. आम्ही दोघं त्या खड्ड्याकडं बघत बसलो. "आठ दिवसांत माणसाचा पाय एवढा वाढत न्हाय. ऊठ. दवाखान्यात."

"सहा तारखेला जायचंच हाय की."

"ऊठ म्हंतो न्हवं!" आण्णा माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले.

बीपी एकशे साठ वर शंभर निघालं. लघवीतून प्रथिनं जातायत. डोकेदुखी, काजवे सांगितल्यावर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता ॲडमिट." सिस्टरनी फॉर्म घेतला. "सोबतीला बाईमाणूस कोण?" बायकांच्या वॉर्डात पुरुषाला राहता येत नाही. आण्णा टोपी हातात घेऊन उभे. वॉर्डात प्रत्येक खाटेखाली कुणाची तरी आई चटई टाकून बसली होती. मला तिथं एक क्षण उभं राहवेना.

मी म्हणाले, "सासूबाई येतायत नेसरीवरनं. परवा. त्यांना घेऊनच येते."

इतकं सरळ खोटं मी कधी बोलले नव्हते. मॅडम भडकल्या. समजावलं, मग माझ्या जबाबदारीवर जाते म्हणून सही घेतली. बीपीच्या गोळ्या दिल्या. बाळाच्या फुप्फुसासाठी एक इंजेक्शन आज, एक उद्या. सिस्टरनी दारात गाठून हात धरला. "नीट ऐका. बीपी वाढलं की वार वेळेआधी सुटू शकते. वार म्हणजे बाळाचा श्वास. कळ आली की पोट घट्ट होतं, गेली की सैल पडतं. सैल पडलंच नाही, किंवा पाठ सारखी दुखत राहिली, तर घरी बसायचं नाही. रक्त थेंबभर दिसलं तरी निघायचं. बाहेर थेंब दिसतो, आत किती साठलंय ते दिसत नाही."

आण्णा मुक्काम करतो म्हणत होते. मी म्हटलं, आत्ती येतायत, जावा. त्यांचा माझ्यावर विश्वास. पैंजणं बरोबर नेली. "आता वाढवणार न्हाय. सूज उतरली की हीच बसतील."

दहा: १ तास २० मिनिटं.

२ जानेवारी, गुरुवार

रिक्षानं जाऊन दुसरं इंजेक्शन घेतलं. सिस्टरनी विचारलं, सासूबाई निघाल्या का? म्हटलं, हो.

आत्तींचा नंबर तीनदा काढला. एकदा दाबलाही, वाजायच्या आत बंद केला. काय बोलू? "तुमच्या गळ्यात पडते" म्हणू? उद्या सकाळी नक्की करते.

पायात पैंजण नाही तर घरात माझीच मला चाहूल लागत नाही.

दहा: १ तास ४० मिनिटं.

८ जानेवारी, बुधवार

दवाखान्यातल्या खाटेवरून लिहिते. तीन तारखेचं पान रिकामं ठेवणार नाही.

शुक्रवारी सकाळी फोन केला नाही. कंबर दुखत होती. कालच्या रिक्षाचे धक्के बसले म्हणून गरम पाण्याची पिशवी घेऊन पडले. कळ अशी नव्हतीच. एकसारखं, न थांबता दुखत होतं. दुपारी जेवण गेलं नाही. हालचाली मोजायला कुशीवर झाले. आधी बाळ आत एकदम उसळलं, जोरात, दोन-तीनदा. मग काही नाही.

पोटाला हात लावला तर घट्ट. म्हटलं सैल पडेल. घड्याळाकडं बघत राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आण्णांनी केलं होतं तसा अंगठा दाबला. पायात रुतला होता, पोटात रुतेना. पोट पाटासारखं झालं होतं. तशीच उठून बाथरूममध्ये गेले. रक्त म्हणाल तर रुपयाएवढं, काळपट. पहिला विचार काय आला? एवढंसंच आहे, थांबूया. खरंच आला. मग सिस्टरचा हात आठवला, त्यांनी धरलेला.

विश्वजितला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. उठायला गेले तर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि स्वयंपाकघराच्या दारातच बसले. फोन हातातून सुटून ओट्याखाली गेला. हाक मारायला आवाज फुटेना. हाताला खलबत्ता लागला. बत्ता घेतला आणि फरशीवर हाणला. पुन्हा हाणला. हाणतच राहिले, आणि मनात मोजत होते, एक मिनिट पन्नास सेकंद, एक मिनिट पन्नास सेकंद.

त्याआधीच काकू आल्या. दाराला कडी नव्हती. "अनुजा, किती वेळा सां..." आणि पुढचं तोंडातच राहिलं.

शाळेत चाळीस पोरं सांभाळलेली बाई. एक शब्द वाया घालवला नाही. मला डाव्या कुशीवर केलं, ॲम्ब्युलन्सला फोन केला, टेबलावरची फाइल काखेत मारली. दवाखान्यात फोन करून "आणतोय, पोट कडक आहे, रक्त जातंय" इतकंच सांगितलं. गाडीत माझा हात धरून म्हणाल्या, "तीन दिवस पैंजणांचा आवाज नव्हता. रोज वाटायचं वर जाऊन विचारावं. मग वाटायचं, मी कोण विचारणार?" मला रडायलाही ताकद नव्हती.

दारात स्ट्रेचर तयार होतं. दोन्ही हातांत सलाइन, नाकाला ऑक्सिजन, कुणीतरी रक्त काढून पळालं. मॅडमनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. बाळाच्या ठोक्यांचं मशिन लावलं. ठोके होते, पण हळू, मधेच थांबल्यासारखे. "वार सुटतेय. थिएटर." कुणीतरी फॉर्म घेऊन आलं, "सोबतीला कोण?"

"मी," काकू म्हणाल्या.

"नातं?"

"खाली राहते मी हिच्या."

पुढचं मला ठाऊक नाही. नंतर मॅडमनी सांगितलं. वारेच्या मागं रक्ताची मोठी गाठ साठली होती, वार निम्मी सुटली होती. मला चार पिशव्या रक्त दिलं. रक्त गोठतंय का ते रात्रभर तपासत होते. "अर्ध्या तासानं आला असता तर मी दोघींपैकी एकीचीही खात्री दिली नसती." 'दोघी' म्हणाल्या तेव्हा मला कळलं, मुलगी आहे. एक किलो सहाशे चाळीस ग्रॅम. काचेच्या पेटीत.

तो अर्धा तास माझ्या खोट्यापायी गेला असता. हे मला कुणी बोलून दाखवलं नाही. म्हणून मी इथं लिहून ठेवते.

११ जानेवारी, शनिवार

वॉर्डात आठ खाटा. सात जणींच्या कुशीत बाळ, माझ्या कुशीत उशी. त्यांची रडतात तेव्हा माझं दूध येतं. वाटीत काढून वरच्या मजल्यावर पाठवते. तिला नळीनं दोन-दोन चमचे देतात. दिवसातून दोनदा काचेपलीकडून बघू देतात. अंगभर वायरी, माझ्या अंगठ्याएवढं पाऊल. काल सवयीनं मोजत उभी राहिले. दहा हालचाली झाल्यावरच खाली आले.

विश्वजितनं कळवल्यावर आत्ती गेल्या शनिवारी सकाळीच आल्या होत्या, मी शुद्धीवर यायच्या आत. आज मी बोलण्यासारखी झाले तशा खाटेखालच्या चटईवरून उठून बसल्या. मी म्हटलं आता ऐकवणार. ऐकवलंच.

"फोन करायला काय झालतं गं तुला?"

"तुमच्या गळ्यात पडायचं नव्हतं."

"मग पोरीनं पडायचं कुठं? भिताडाच्या गळ्यात?" आवाज असा की सातही खाटा वळून बघायला लागल्या. "माझं त्वांडच वाईट हाय. वीस बायकांत बोललो, चुकलो. पर तू बी काय कमी हायस व्हय? नारळासकट उठून गेलीस!" आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मग मीही. टाके ओढले जात होते, तरी रडू थांबेना.

म्हशी शेजाऱ्याकडं सोपवून आल्यात. विश्वजित सुट्टी टाकून खाली आवारात बसलेला असतो. आण्णांनी काचेतून तिला बघितलं. बराच वेळ, एक डोळा मिटून. मग हुपरीची एसटी धरली.

पहिल्या पानावरचा रकाना भरला. बयाबाई, म्हणजे आत्ती. कालिंदीकाकू. आण्णा. विश्वजित. ओळ एकच होती, बाकीची नावं समासात गेली.

२६ जानेवारी, रविवार

मला सुट्टी मिळाली पण तिला नाही. मी रोज सकाळी येते, संध्याकाळी रिकाम्या हातानं घरी जाते. जिना चढताना पाय उचलत नाहीत. आत्ती ताट वाढून बसलेल्या असतात, काकू खालून लोणचं घेऊन येतात, आणि तरी घरात एक माणूस कमी असतं. रात्री पोटाला हात जातो. तिथं आता कोण नसतं.

नळी परवा निघाली. आजपासून छातीशी घेऊ देतात. एक किलो नऊशे सत्तर. उघड्या छातीवर ठेवली तर मांजरासारखी चिकटली. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता. मी हललेच नाही तासभर.

आण्णा आले. हातपाय धुऊन, सिस्टरनी दिलेला झगा घालून, पार नवरदेव. खिशातून कापसात गुंडाळलेली पुडी काढली. करंगळीत बसतील एवढाली दोन पैंजणं. "काचेतनं बघून माप घेतलंय," म्हणाले, पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. निशिगंधा सिस्टर डोळे वटारून म्हणाल्या, "घालायची नाहीत. नुसतं लावून बघायचं आणि काढायचं." त्यांनीच ती स्पिरिटनं पुसून दिली.

आण्णांनी तिचं पाऊल दोन बोटांत धरलं. चाळीस वर्षांत लाखो कड्या जोडलेली ती बोटं. साखळी घोट्याभोवती फिरवली. फासा जुळेना. एकदा ओढलं. दोनदा ओढलं. मी आण्णांच्या तोंडाकडं बघितलं. पहिलं सगळं डोळ्यांपुढून गेलं.

आण्णांनी नडगीवर अंगठा टेकवला, अगदी हलका. उचलला. खड्डा पडला नाही. गुलाबी कातडी होती तशी वर आली.

"माप चुकत न्हाय माझं," आण्णा म्हणाले. "पायच वाढलाय."

एवढं बोलून ते भिंतीकडं वळले आणि झग्याच्या बाहीनं डोळे पुसायला लागले. सिस्टरही खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मग म्हणाले, "दोन कड्या वाढवून आणतो."

मी म्हटलं, "आण्णा, चार वाढवा."